समाजाची भांडी आणि सोबत दिलेला सर्व्हर

आमच्या प्रोग्रॅमचं वजन साडेपाच एमबी होतं. त्याला चालायला जो डेटाबेस सर्व्हर लागायचा, तो दोनशे ऐंशी एमबीचा. म्हणजे पन्नासपटीहून थोडा जास्तच. हा हिशेब मी माझ्या अकोल्याच्या मित्राला अनेकदा ऐकवला आणि दर वेळी त्याने तो उडवून लावला. त्याच्या मते लोकांना वजनाशी देणंघेणं नसतं, चालण्याशी असतं. त्याचं हे म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग यायचा.

प्रोग्रॅम होता समाजाच्या भांड्यांचा. आमच्या भागात बहुतेक गावांत समाजाची स्वतःची भांडी असतात. भात-वरणाचे मोठे गंज, पराती, झारे, बादल्या, पाण्याचे जग, सतरंज्या. विहाराच्या नाहीतर मंदिराच्या एखाद्या खोलीत ती कुलपात असतात. ज्याच्या घरी लग्न, नामकरण, तेरवी, त्याने ती न्यायची आणि घासूनपुसून परत आणायची. कोणाकडून काही घ्यायचं नसतं. पण ती तारखेला मोकळी हवीत आणि गेली तेवढी परत यायला हवीत, एवढ्या दोन गोष्टींवरून गावात जेवढी भांडणं होतात, तेवढी शेताच्या धुऱ्यावरूनही होत नसतील. माझ्या मित्राच्या नात्यात अशाच एका हरवलेल्या गंजावरून दोन घरांचं बोलणं बंद होतं. त्यावरूनच आम्हाला हे सुचलं.

मी अमरावतीत सरकारी नोकरीत, आकडेवारीच्या विभागात. मित्र अकोल्याला जठारपेठेत राहतो आणि एका कॉलेजात संगणक शिकवतो. आम्ही एकत्र शिकलो. प्रोग्रॅम त्याने लिहिला असं म्हटलं तरी चालेल. माझं काम तपासायचं, चुका काढायच्या आणि सूचनांची फाईल लिहायची. आम्ही तो ओपन सोर्स ठेवला होता. नेटवर सगळं उघडं, कोणीही घ्यावं, वापरावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. समाजाच्या भांड्यांचा प्रोग्रॅम आहे, तो कुलपात काय ठेवायचा, असा आमचा विचार.

आता भांड्यांच्या नोंदीला सर्व्हर कशाला, असं कोणीही विचारेल. मीही विचारलं होतं. पण किल्ली असते एकाकडे आणि तारखा विचारायला लोक जातात समाजाच्या सचिवाच्या घरी. दोघांना दोन ठिकाणाहून एकच नोंद दिसली पाहिजे, नाहीतर एकाच तारखेला दोघांना हो म्हटलं जातं. म्हणून सगळ्या नोंदी एका जागी सांभाळणारा सर्व्हर आला. तो आमचा नव्हता. जगभर वापरतात असा, फुकट मिळणारा, दुसऱ्यांनी बनवलेला. आमच्या सूचनांच्या फाईलची पहिलीच ओळ होती: आधी हा सर्व्हर उतरवून घ्या आणि बसवा, मग आमचा प्रोग्रॅम बसवा.

या एका ओळीने मला किती छळलं ते मलाच माहीत. फोन यायचे.

"साहेब, तुमचा भांड्याचा प्रोग्राम टाकला. तो म्हनते सर्वर सापडत नाई."

"सर्व्हर बसवला का आधी?"

"तो कोनत्या दुकानात भेटते?"

किंवा एकाने सर्व्हर बसवला, पण बसवताना मागितलेला पासवर्ड काय ठेवला ते विसरला. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बिलाच्या एका प्रोग्रॅमने तोच सर्व्हर आधीच बसवून ठेवलेला, आता दोन सर्व्हर एकाच पोर्टवर, म्हणजे एकाच दारावर, हक्क सांगून भांडतायत. तिसऱ्याने सगळं बरोबर केलं, पण सर्व्हर बनवणाऱ्यांनी मध्येच बसवण्याच्या पायऱ्या बदलल्या आणि माझ्या फाईलमधली चित्रं खोटी ठरली. मी चित्रं बदलली. त्यांनी पुन्हा पायऱ्या बदलल्या. जेवायला बसलो की फोन वाजायचा आणि बायको म्हणायची, "घ्या, आला तुमचा सर्वर."

एका रविवारी मित्र फोनवर म्हणाला, "मी ठरवून राहिलो. सर्वर आपल्याच प्रोग्रामसंग बांधून द्यायचा. एक फोल्डर. उघडलं का चालू."

"परक्याचा सर्व्हर आपल्या नावाने?"

"त्याईचा परवाना देते न तसं. तूच वाच, तुले आवड हाय."

"आणि उद्या त्या सर्व्हरात काही भोक निघालं, त्यांनी दुरुस्त केलं, तर आपल्या लोकांकडे जुनाच राहील. ते भोक मग आपलं."

"अबे, लोकाइले जेवाचं हाय. आपन त्याईले म्हनतो का आधी चूल मांडा, मंग लाकडं फोडा, मंग आमचं पीठ घ्या. डबाच देऊ न भरून."

डब्याची गोष्ट त्याला फार आवडली होती. पुढचे कित्येक दिवस तो तीच सांगायचा. मी परवाना वाचला, शब्दन् शब्द. सोबत द्यायला हरकत नव्हती, मूळ परवान्याचा कागद बरोबर ठेवला म्हणजे झालं. मी अटी घातल्या. सर्व्हर बाहेरच्या नेटवरून परवानगी दिलेल्याशिवाय कोणाला दिसता कामा नये. त्याचं दार नेहमीचं नको, वेगळं हवं, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरशी टक्कर नको. मूळ कर्त्यांनी काही दुरुस्ती केली की आम्ही महिन्याच्या आत नवी आवृत्ती काढायची. मित्राने सगळ्याला हो म्हटलं. एवढ्या लवकर हो म्हटलं की मला वाटलं तो ऐकतच नाहीये.

मग मी तपासायला बसलो. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली तर चालतो का, मराठी नाव असलं तर चालतो का, नोंद करता करता लाईट गेली तर काय होतं, जुन्या कॉम्प्युटरवर किती वेळ लागतो. सगळं चाललं. साडेपाचाचे दोनशे पंच्याऐंशी पूर्णांक पाच एमबी झाले, पण एक फोल्डर होता आणि त्यात सगळं होतं: प्रोग्रॅम, सर्व्हर आणि सर्व्हरने सांभाळलेल्या नोंदी. मित्राला या नीटनेटकेपणाचा अभिमान होता. आम्ही ती आवृत्ती नेटवर टाकली. फोन खरंच बंद झाले. घरी जेवणं शांत होऊ लागली, आणि आपण चुकलो होतो असं मला वाटायला लागलं होतं.

माझी मोठी बहीण नांदगाव खंडेश्वरला दिली आहे. तिच्या घराला लागूनच असलेल्या विहाराच्या भांड्यांची किल्ली तिच्याकडे. ही किल्ली मिळणं सोपं नसतं. आधी ती एका माणसाकडे होती, त्याच्या काळात भांडी आपल्या घरच्यांनाच आधी मिळतात अशी ओरड झाली आणि समाजाने ठरवलं की आता एखाद्या बाईकडे द्यावी. ताईचं नाव निघालं तेव्हा तिच्याच भावकीतले दोघं-तिघं नाराज होते. त्यामुळे ताई फार जपून वागायची. तारखा ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची आणि सचिवाला कळवायची. चालत होतं. बिघडवायचं काही कारण नव्हतं.

मीच तिच्या मागे लागलो. आपल्याच भावाचा प्रोग्रॅम दुनिया वापरते आणि तू कॅलेंडरवर लिहितेस, असं म्हणालो. विहाराने एक जुना कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलंच होतं. अमरावतीतल्या ज्या दुकानदाराकडून तो घेतला त्याला मी स्वतः सांगितलं की नेटवरून आमची नवी आवृत्ती उतरवून टाक, सर्व्हर सोबतच आहे, आणखी काही लागत नाही. तो म्हणाला, "टेन्शन नका घेऊ सर, मी तिवस्याच्या विहारात टाकून देला हाय तुमचाच प्रोग्राम. एक नंबर चालून राहिला."

मला बरं वाटलं. भांड्यांची यादी भरायला येत्या रविवारी येतो, असं ताईला सांगितलं. पण कार्यालयात कामं निघाली आणि तो रविवार गेला, त्यानंतरचाही गेला.

इकडे ताईने विहाराचा, पण तिच्या घरी ठेवलेला कॉम्प्युटर सुरू केला. प्रोग्रॅम उघडला तर सगळं भरलेलं. भांडी भरलेली, तारखा भरलेल्या. तिला वाटलं, भावाने वेळ नाही म्हणून तिकडूनच भरून पाठवलं. तारखांच्या पानावर जी नावं होती ती आमच्या भागात कोणत्याही गावात सापडतील अशी. तिला वाटलं, सचिवाने घेतल्या असतील. सचिवाच्या घरी दुकानदाराने जोडून दिलं होतं, तिथेही तेच दिसत होतं, त्याला वाटलं, ताईने घेतल्या असतील. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही, कारण विचारावं लागू नये म्हणूनच तर हे आणलं होतं.

अशात ताईचा चुलत दीर तिच्याकडे आला. मुलीचं लग्न ठरलं होतं, घाईचं होतं, तारीख एकच मिळत होती. ताईने कॉम्प्युटर पाहिला. तारीख लाल होती.

"भाऊजी, ती तारीख गेली हाय."

"कोनाकडं गेली?"

तिने नाव वाचून दाखवलं. त्याला ते नाव कोण्या वस्तीतलं ते कळेना. पण ती बिचारी म्हणाली, "असंच लिवलं हाय." तो तसाच परत गेला. त्याने बिछायतवाल्याकडून भाड्याने भांडी आणली. लग्नाच्या दिवशी मांडवातले लोक पाण्यासाठी विहाराकडे गेले, आणि खिडकीतून त्यांना खोलीत समाजाचे गंज एकावर एक जसेच्या तसे रचलेले दिसले. एकही बाहेर गेलेला नव्हता.

पुढचं सांगायला नको. जे दोघं-तिघं आधीच नाराज होते त्यांच्या हाती आयतंच मिळालं. भावकीचा जुना राग धरून हिने पोरीच्या लग्नाला भांडी नाकारली, असं गावभर झालं. ताईचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"बाबू, तू लिवलं ते कोनाचं नाव हाय?"

"मी काहीच लिहिलं नाही, ताई."

"मंग कोनं लिवलं?"

मी त्याच दिवशी गेलो. कॉम्प्युटर उघडला आणि भांड्यांचं पान काढलं. ताईने ते पान नीट पाहिलं नव्हतं, तिला तारखांशीच काम पडलं होतं. मला मात्र तिथले आकडे तोंडपाठ होते, कारण किल्ली घेताना ताईने मलाच मोजायला बसवलं होतं. अकरा गंज, चोवीस पराती. पानावर होते एकोणीस गंज आणि बत्तीस पराती. भांड्यांना प्रत्येक समाज आपापली तेलरंगाची खूण करतो, मिसळू नयेत म्हणून. ताईच्या भांड्यांच्या बुडाला हिरवा पट्टा आहे. पानावर लिहिलं होतं: लाल ठिपका.

ती तिवस्याची भांडी होती.

दुकानदाराला फोन लावला. त्याने काहीही लपवलं नाही, उलट अभिमानाने सांगितलं. तिवस्याला दुरुस्तीला गेला होता, तिथल्या कॉम्प्युटरवरून फोल्डर पेन ड्राईव्हमध्ये उचलला आणि इकडे टाकला. "सर, नव्यापरीस चालू असलेलं बरं राहते. टेस्टेड असते." आमच्याकडे सगळे असंच करतात. एका मशीनवर चालतंय ना, मग तेच उचला. टायपिंगचे फॉन्ट असेच फिरतात, प्रिंटरचे प्रोग्रॅम असेच फिरतात. तो काही वावगं वागला नव्हता.

पूर्वी त्याने हेच केलं असतं तर काही बिघडलं नसतं. तेव्हा सर्व्हर वेगळा असायचा आणि नोंदी त्याच्या पोटात. आमचा साडेपाच एमबीचा प्रोग्रॅम उचलून नेला तर तो नव्या जागी रिकामा उघडायचा नाहीतर सर्व्हर सापडत नाही म्हणून ओरडायचा. त्या ओरडण्याला मी वैतागलो होतो. आता तो ओरडत नव्हता. सगळं एका फोल्डरात, म्हणून सगळं एकदम उचललं गेलं. तिवस्याची भांडी, तिवस्याच्या तारखा, तिवस्याच्या लोकांचे मोबाईल नंबरसुद्धा. सर्व्हर अगदी चोख चालत होता. मी ज्या भोकांची भीती घातली होती, त्यातलं एकही निघालं नव्हतं.

मी अकोल्याला गेलो. हे फोनवर बोलायचं नव्हतं. मित्राच्या बायकोने पोहे पुढे ठेवले आणि आमची तोंडं पाहून ती आत निघून गेली.

"कॉपी मारनाऱ्याची चूक हाय ते," मित्र म्हणाला. "नेटवर देला आपन. त्यानं काहून उचलला दुसरीकडून?"

"कारण आपणच लिहिलंय ना, कोणीही घ्यावं, कोणालाही द्यावं."

"प्रोग्राम द्यावं म्हनलं. लोकाइच्या नोंदी द्या असं कोन म्हनलं?"

"तू डबा दिलास. डबा म्हटला की माणूस डबाच उचलतो. त्यातलं वरण काढून ठेवून पोळ्या नेत नाही."

त्याने पोह्यांची बशी बाजूला सरकवली. मग म्हणाला, "तू तपासलं होतं न बे सगळं. मराठी नाव, लाईट, काय काय."

"तपासलं होतं. बसवून तपासलं होतं. उचलून नाही तपासलं."

"मंग दोघाइचं हाय."

"दोघांचंच आहे. पण किल्ली माझ्या बहिणीची जाते आहे."

त्यानंतर आम्ही कामाचं बोललो. त्याला त्या फोल्डरचा मोह सुटत नव्हता. नोंदी फोल्डराबाहेर ठेवल्या तर लोकांना जपून ठेवायची प्रत घेणं अवघड जाईल, हे त्याचं म्हणणं. मी म्हणालो, अवघड जाऊ दे. पुन्हा सर्व्हर वेगळा करून टाकू, असंही मी म्हणालो, आणि लगेच मला ते फोन आठवले, कोनत्या दुकानात भेटते वाले. तेही नको होतं. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी काहीच नको होतं, प्रोग्रॅमच नको होता. शेवटी ठरलं की सर्व्हर सोबतच राहील, नोंदी मात्र वेगळ्या जागी आणि त्या त्या कॉम्प्युटरशी बांधलेल्या. फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेला तर प्रोग्रॅम रिकामा उघडेल आणि काहीही दाखवण्याआधी विचारेल: ही भांडी कोणत्या समाजाची?

"आणि आवृत्तीच्या टिपणात लिहायचं," मी म्हणालो. "आधीच्या आवृत्तीत एका गावच्या नोंदी दुसऱ्या गावात जात होत्या, सगळ्यांनी आपली यादी पाहून घ्यावी."

"आपली लाज आपनच वेशीवर टांगतं का? 'नोंदींची जागा बदलली' एवढं लिव."

"तसं लिहिलं तर कोण पाहील आपली यादी?"

त्याने हात जोडले. "लिव राजा. तुले सुख भेटते त्यात."

सुख कसलं. अजून तिवस्याला फोन करून त्यांच्या लोकांचे नंबर दुसऱ्या गावी गेले हे सांगणं बाकी होतं. ते केलं. पलीकडचे गृहस्थ सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजे आमची एकोनीस गंजं त्याईच्याकडं गेली का?" गंज जागेवरच आहेत, फक्त नावं गेली, हे त्यांना पटवायला तीनदा सांगावं लागलं.

नांदगावच्या विहारात रविवारी वंदना झाली की बैठक ठेवली होती. विषय एकच, किल्ली. ताईने मला बोलावलं नव्हतं, मीच गेलो. गाव बहिणीचं सासर, म्हणून तिथे मी सगळ्या गावाचा साळा.

"जयभीम साळेबुवा. या, बसा. तुमच्याच कारभाराचं चालू हाय."

मी उभं राहून सांगायला लागलो. आधी सर्व्हर म्हणजे काय ते सांगितलं. तो वेगळा असायचा, मग आम्ही तो सोबत बांधून दिला, त्यामुळे काय झालं. मागून कोणी विचारलं, "हा सर्वर तिवस्याचा हाय का?" मी म्हणालो, नाही, तो जगभर वापरतात. "मंग जगाच्या तारखा काहून नाई आल्या, तिवस्याच्याच काहून आल्या?" लोक हसले. मला कार्यालयात मंत्र्यांना तक्ते समजावून द्यायची सवय आहे, पण इथे माझं एक वाक्य दुसऱ्याला लागत नव्हतं.

चुलत दीर भिंतीला टेकून बसला होता. तो उठला नाही, बसूनच बोलला.

"मले ते सर्वर-बिर्वर नाई समजत. एकच सांगा. माह्या पोरीच्या लग्नाच्या दिवशी भांडी खोलीत होती का नोती?"

"होती."

"मंग नाई कोन म्हनलं?"

"कॉम्प्युटरवर चुकीचं दिसत होतं, म्हणून..."

"कॉम्प्युटरच्या हातात किल्ली हाय का?"

चूक आवृत्तीची होती हे शंभर टक्के खरं होतं, आणि त्या बैठकीत त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. माझ्याकडे पुरावा होता, दोन गावांच्या यादीतले आकडे शेजारी शेजारी लिहून आणले होते. ते मी खिशातून काढलेच नाहीत.

बायका बसल्या होत्या तिकडून ताई बोलली. "नाई मी म्हनलं, भाऊजी. मशीननं नाई म्हनलं. कोनाचं नाव हाय ते मी इचारलं नाई कोनाले, सचिवाले बी नाई. एवढं माह्यं हाय. पन पोरीच्या लग्नाले मी रागानं नाई म्हनीन, हे तुमाले पटते का?"

दीर दाराबाहेर काढलेल्या चपलांकडे पाहत होता. मग म्हणाला, "पटत नाई." आणि पुढे, "पन लोकं बोलून राहिले न."

किल्ली ताईकडेच राहिली. ज्येष्ठ मंडळींनी ठरवलं की पुढे एखादी तारीख नाकारायची असेल तर किल्लीवाल्याने आणि सचिवाने एकमेकांशी तोंडी बोलल्याशिवाय नाकारायची नाही. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी आम्ही दोनशे ऐंशी एमबीचा सर्व्हर गळ्यात बांधून घेतला, तीच गोष्ट त्यांनी तोंडी करायची ठरवली. मी हे मित्राला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की मी फोन ठेवून दिला.

नवी आवृत्ती आली. टिपणात माझं वाक्य जसंच्या तसं होतं. तिच्यावर दोन गावांहून फोन आले, त्यांच्याही यादीत दुसऱ्यांची भांडी निघाली होती, आणि दोघांनीही आमचीच कानउघाडणी केली. एकाने विचारलं की असं असेल तर फुकट तरी कशाला देता.

ताईच्या कॉम्प्युटरवर मी या वेळी स्वतः जाऊन बसवली. पेन ड्राईव्हवरून नाही, नेटवरून. यादीही स्वतः भरली. अकरा गंज, चोवीस पराती, हिरवा पट्टा. परत आल्यावर दर आठवड्याला मी तिला फोन करायचो, चालतंय का विचारायला. ती म्हणायची, चालते. वापरते का, ते सांगायची नाही.

एकदा मी फोनवर असतानाच तिच्याकडे कोणी आलं. "थांब बाबू," ताई म्हणाली, "जाऊबाई आली." चुलत दिराचीच बायको. पोरीच्या लग्नानंतर ती पहिल्यांदाच ताईच्या दारात येत होती. फोन ताईने बाजूला ठेवला असावा, मला सगळं ऐकू येत होतं.

"बाई, उद्या सांजच्याले सूनबाईची ओटी भरनं हाय. घरच्या घरीच. भांडी हायेत का मोकळी?"

माझ्यासमोर अमरावतीत नवी आवृत्ती उघडी होती. ताईने मला पाहण्याची परवानगी दिली होती. उद्याच्या तारखेसमोर काहीच नव्हतं. अकराच्या अकरा गंज खोलीत, चोवीसच्या चोवीस पराती खोलीत. मी मोठ्याने म्हणालो, "ताई, मोकळी आहेत, सगळी आहेत." पण फोन लांब होता.

ताईचं बटण दाबल्याचा आवाज आला. तिलाही तेच दिसत असणार. तरी तिने लगेच हो म्हटलं नाही. तिने घरातल्या दुसऱ्या फोनवरून सचिवाला लावला असावा, "हाव, हाव, कोनी नाई न?" असं ऐकू आलं. मग ती जाऊबाईला म्हणाली, "बस तू. मी पाहून येतो."

मी फोन कानाला लावून बसून राहिलो. पावलं लांब गेली. थोड्या वेळाने, शेजारच्या विहारातून, कुलूप उघडल्याचा आणि मग गंजांवर गंज सरकवल्याचा आवाज येत राहिला. ती मोजत होती.